साम-इल : ३३ हालचाली, एक तारीख आणि आपला सप्टेंबर १९४२

एसटीत घाट लागला, नेटवर्क गेलं आणि भाग अर्ध्यावर अडकला, असे मेसेज दर आठवड्याला येतात. त्या सगळ्यांसाठी हा लेखी भाग. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. तो तायक्वांदो शिकतो आणि त्याच्या बेल्टच्या परीक्षेत तोंडी प्रश्न असतात. त्याने विचारलं, "ताई, पॅटर्नची नावं आणि हालचालींचे आकडे आम्ही पाठ करतो. पण ते आकडे आले कुठून?"

हा प्रश्न मला फार आवडला. मीही कराडला कॉलेजात असताना हेच शिकले. पांढऱ्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंतची पाठांतरं केली आणि पहिल्या डॅनला थांबले. उत्तरं तोंडपाठ होती. "साम-इलमध्ये किती हालचाली?" "३३, सर." "का?" "३३ देशभक्तांमुळे, सर." झालं, पुढचा प्रश्न. ते ३३ जण कोण होते, त्यांनी केलं काय, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

तर आज तेच बघू. आणि त्यासाठी कोरियातून निघून आपल्याला वडूज, इस्लामपूर, कुंडलपर्यंत यावं लागणार आहे.

पॅटर्न म्हणजे काय?

आधी थोडी ओळख, ज्यांनी कधी पांढरा ड्रेस घातला नाही त्यांच्यासाठी. तायक्वांदोचे दोन मोठे प्रवाह आहेत. ऑलिम्पिकमध्ये दिसतो तो वर्ल्ड तायक्वांदोचा. त्यात ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींना 'पूमसे' म्हणतात. दुसरा प्रवाह आयटीएफचा, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशनचा. त्यात याच प्रकाराला 'तूल' म्हणतात. कराटेवाल्यांचा 'काता' तुम्हाला माहीत असेल, तसाच हा प्रकार. समोर कुणी नसतं. तुम्ही मनातल्या मनात शत्रू उभा करायचा आणि अडवणं, ठोसा, लाथ, वळणं हे सगळं एका ठरलेल्या नकाशावर करायचं. आणि नियम असा की जिथून सुरू केलं, बरोबर त्याच जागी येऊन थांबायचं. एक पाऊल लांब पडलं तरी शेवटी चूक उघडी पडते.

आयटीएफ २२ मार्च १९६६ रोजी सेऊलमध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक जनरल चोई हाँग-ही. त्यांच्या पद्धतीत एकूण २४ तूल आहेत. त्यांचं म्हणणं असं, की अनंतकाळाच्या हिशोबात माणसाचं आयुष्य म्हणजे जेमतेम एक दिवस. म्हणून दिवसाचे २४ तास आणि २४ तूल.

आणि खरी गंमत नावांत आहे. जवळजवळ प्रत्येक तूलचं नाव कोरियाच्या इतिहासातून घेतलंय. कुणी राजा, कुणी सेनापती, कुणी भिक्खू, कुणी तत्त्वज्ञ, कुणी क्रांतिकारक. आणि बऱ्याच ठिकाणी हालचालींचा आकडासुद्धा काहीतरी सांगतो.

आकडे बोलतात

तीन सोपी उदाहरणं घेऊ.

'यूल-गोक' या तूलमध्ये ३८ हालचाली. सोळाव्या शतकातल्या यी आय या विद्वानाचं हे टोपणनाव. त्याचं जन्मस्थान ३८ अक्षांशावर, म्हणून ३८.

'चुंग-मू' ही आरमारप्रमुख यी सुन-सिन याच्या नावाची. १५९२ मध्ये जपानी स्वारी आली तेव्हा कासवासारखं छत असलेली जहाजं घेऊन लढलेला माणूस. या तूलचा शेवट डाव्या हाताच्या हल्ल्याने होतो. का? तर राजनिष्ठेने हात बांधलेले असल्यामुळे त्याला आपली पूर्ण ताकद दाखवायची संधी मिळालीच नाही आणि तो लढाईत गेला. ती हळहळ डाव्या हातात ठेवलीय. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासून तो शेवटचा ठोसा मी कधीच नुसता मारू शकले नाही.

तिसरं उदाहरण 'जुंग-गुन'. यात ३२ हालचाली. आन जुंग-गुन याने २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्टेशनवर इतो हिरोबुमी या जपानी नेत्याला गोळ्या घातल्या. जपानने कोरियावर ताबा बसवला तेव्हा तिथला पहिला रेसिडेंट जनरल हाच इतो. २६ मार्च १९१० रोजी आनला फाशी झाली. पुस्तकात लिहिलंय की फाशीच्या वेळचं त्याचं वय ३२, म्हणून ३२ हालचाली. आता मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा. त्याचा जन्म २ सप्टेंबर १८७९ चा. म्हणजे वय किती? ३० पूर्ण, ३१ वं चालू. मग ३२ कुठून आले? कोरियाच्या जुन्या पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरायचे आणि प्रत्येक नववर्षाला एक वर्ष वाढवायचे. तसं मोजलं की १९१० मध्ये बरोबर ३२. दक्षिण कोरियाने ही मोजणी सरकारी कामातून काढली ती थेट जून २०२३ मध्ये. पण तूलमध्ये ती अजून जिवंत आहे!

आणि थोडं थांबा. हार्बिनला गोळी चालली ऑक्टोबर १९०९ मध्ये. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. आनला फाशी २६ मार्चला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिलला. एकमेकांची नावंही माहीत नसलेली ही पोरं, पण दिवस जवळजवळ एकच. साम्राज्यं जशी एकमेकांची नक्कल करत होती, तसंच त्यांच्याविरुद्ध उठणाऱ्यांचंही काहीतरी एक घड्याळ होतं.

१ मार्च १९१९

आता मुख्य गोष्ट. 'साम' म्हणजे तीन, 'इल' म्हणजे एक. तिसऱ्या महिन्याची पहिली तारीख. इतर बहुतेक तूलना माणसांची नावं आहेत, हिला तारखेचं. आपण 'नऊ ऑगस्ट' म्हणतो ना, अगदी तसं. ही सोळावी तूल, ब्लॅक बेल्टच्या तिसऱ्या डॅनच्या टप्प्यावरची. मी ती केलेली नाही, सीनियरना करताना पाहिलीय.

ऑगस्ट १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. पुढची नऊ वर्षं लष्करी शिस्तीची. शाळेतले मास्तरसुद्धा कमरेला तलवार लावून वर्गात यायचे. मग पहिलं महायुद्ध संपलं. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन बोलत होते की प्रत्येक राष्ट्राला आपलं भवितव्य ठरवायचा हक्क आहे. टोकियोत शिकणाऱ्या कोरियन विद्यार्थ्यांनी ८ फेब्रुवारी १९१९ ला स्वातंत्र्याचं निवेदन वाचलं. त्याआधी २१ जानेवारीला कोरियाचा जुना राजा गोजोंग वारला होता. त्याची अंत्ययात्रा ३ मार्चला ठरली आणि गावोगावची माणसं सेऊलकडे निघाली. जपान्यांनी त्याला विष दिलं अशी कुजबुजही पसरली होती.

ही गर्दी हेरून ३३ जणांनी सह्या केल्या. कोण होते हे? १५ जण छोंदोग्यो पंथाचे, १६ ख्रिस्ती आणि २ बौद्ध. धर्म तीन, कागद एक. छोंदोग्योचे प्रमुख सोन ब्योंग-ही हे त्यांच्यात मोठे. त्यांचं टोपणनाव उई-आम आणि या नावाचीही एक वेगळी तूल आहे. तिच्यात ४५ हालचाली.

१ मार्चला दुपारी सेऊलच्या तापगोल बागेत निवेदन वाचायचं ठरलं होतं. पण पुढाऱ्यांना वाटलं, बागेत पोरं जमलीत, गडबड होईल, रक्त सांडेल. ते बागेत गेलेच नाहीत. जवळच्या एका हॉटेलात २९ जण जमले, निवेदनावर शिक्कामोर्तब केलं आणि पोलिसांना स्वतःहून कळवलं की आम्ही इथे आहोत, या. पोलीस आले, घेऊन गेले.

आणि बागेत? वाट बघून कंटाळलेल्या गर्दीत एक तरुण पुढे झाला आणि त्याने निवेदन वाचलं. पुढारी नव्हते, पण लोक होते. मग सगळे रस्त्यावर आले. हातात काही नाही, तोंडात एकच आरोळी, "मान्से!" शब्दशः अर्थ दहा हजार वर्षं. आपल्याकडे 'चिरायू होवो' म्हणतात तसं.

पुढचे दोन महिने ही लाट देशभर फिरली. बाजाराच्या दिवशी माणसं जमत, झेंडे काढत, मान्से म्हणत आणि गोळ्या खात. जेआम-री गावात १५ एप्रिलला सैनिकांनी पुरुषांना चर्चमध्ये बोलावलं, दारं बंद केली, गोळीबार केला आणि इमारत पेटवून दिली. एकूण मृत किती? जपानी सरकारी आकडा ५५३. कोरियन इतिहासकार पाक उन-सिक यांचा आकडा ७,५०९. या दोन आकड्यांमधल्या अंतरात काय काय पुरलंय, त्याचा तुम्हीच विचार करा.

याच दिवसांत आपल्याकडे काय चाललं होतं? ६ एप्रिल १९१९, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ. १३ एप्रिल, जालियनवाला बाग. म्हणजे जेआम-रीच्या फक्त दोन दिवस आधी.

सोळा वर्षांची मुलगी

ज्यांनी सह्या केल्या त्या ३३ जणांत एकही बाई नाही. पण आज कोरियात १ मार्च म्हटलं की सगळ्यात आधी जो चेहरा आठवतो तो एका मुलीचा. यू ग्वान-सुन. सेऊलच्या इव्हा शाळेत शिकणारी. आंदोलनामुळे सरकारने शाळा बंद केल्या तेव्हा ती गावी गेली आणि गावोगाव फिरून लोकांना जमवलं. १ एप्रिल १९१९ ला आउने गावच्या बाजारात मोर्चा निघाला. गोळीबारात १९ जण गेले. त्यात तिचे आई आणि वडील दोघेही होते.

तिला अटक झाली, शिक्षा झाली. तुरुंगातही १ मार्च १९२० ला, वर्षदिनी, तिने कैद्यांकडून मान्सेचा घोष करवला. मारहाणीने खंगत २८ सप्टेंबर १९२० रोजी ती सेऊलच्या सोडेमुन तुरुंगात गेली. तेव्हा तिला १८ पूर्ण व्हायलाही अडीच महिने होते.

पंडित नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला जी पत्रं लिहिली, त्यांत कोरियातल्या तरुण मुलींच्या या लढ्याचा उल्लेख आहे. म्हणजे बातमी पोचली होती. फक्त आपल्या तोंडी परीक्षेपर्यंत पोचली नाही.

आपला सप्टेंबर

आता या बाजूला येऊ. आधी नकाशा. १९४२ मध्ये सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यात. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट १९४९ ला आणि 'सांगली' हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणून जुन्या पुस्तकात 'सातारा' वाचलं की आजचे दोन्ही जिल्हे डोळ्यांसमोर आणायचे.

९ ऑगस्ट १९४२ नंतर पुढारी आत गेले होते. सेऊलसारखंच, पुढारी नाहीत आणि लोक आहेत. लोकांनी ठरवलं, तालुक्याच्या कचेरीवर चालत जायचं, तिरंगा लावायचा. ऑगस्टमध्ये कराडला मोर्चा निघाला. ३ सप्टेंबरला तासगावला.

९ सप्टेंबरला वडूज. खटाव तालुक्यातल्या गावांमधून लोक चालत आले. पुढे होते वडगावचे परशुराम घार्गे, हातात झेंडा. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. घार्ग्यांसह नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूर. तिथे दोघे गेले. कामेरीचे विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीत इंजिनिअर असलेले उमाशंकर पंड्या. एक शेतकऱ्याच्या घरातला, एक कारखान्यातला.

आता शेजारी शेजारी ठेवून बघा. आउनेचा बाजार आणि वडूजची कचेरी. दोन्हीकडे निःशस्त्र माणसं, दोन्हीकडे झेंडा, दोन्हीकडे समोर बंदुका. आणि दोन्हीकडे त्यानंतर एकच प्रश्न उभा राहिला : आता काय? परत मोर्चा काढायचा आणि परत मरायचं?

स्वतःचं सरकार

कोरियन लोकांचं उत्तर असं : जपानचं सरकार आम्ही मानतच नाही, आमचं सरकार आम्ही बनवतो. एप्रिल १९१९ मध्ये शांघायला कोरियाचं हंगामी सरकार स्थापन झालं. ज्यांनी 'दो-सान' तूल केलीय त्यांच्यासाठी, ते दो-सान म्हणजे आन छांग-हो या सरकारात गृहखातं सांभाळत होते. देशाबाहेर, भाड्याच्या घरात, पैशांची चणचण, आपसात भांडणं, पण सरकार! आज दक्षिण कोरियाच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत १ मार्चच्या चळवळीचं आणि या सरकारचं नाव आहे.

सातारकरांचं उत्तरही तेच, फक्त ते शांघायला गेले नाहीत. त्यांनी सरकार शेजारच्या शिवारात चालवलं. १९४३ ते १९४६, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रति सरकार. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. कधीकाळी तलाठी होते, म्हणजे गावचा सातबारा आणि गावची भांडणं त्यांना पाठ. प्रति सरकारने गावोगाव न्यायमंडळं बसवली. सावकार, गुंड, दारूचे गुत्ते यांच्यावर वचक बसवला. हुंडा नाही, वाजंत्री नाही अशी 'गांधी लग्नं' लावली. तरुणांची तुफान सेना उभी केली, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ हे तिचे म्होरके. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांनी पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, दादांना गोळी लागली. वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींनी आणि साथीदारांनी १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडचा सरकारी खजिना लुटला.

लोक याला 'पत्री सरकार' म्हणू लागले. गुन्हेगाराच्या तळपायावर मारायची शिक्षा होती, बैलाला पत्री ठोकतात तशी, म्हणून ते नाव. नाव गमतीचं वाटतं, शिक्षा गमतीची नव्हती. त्यावर पुढे बोलते.

औंधचा धागा

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला या भागाची तयारी करताना सगळ्यात जास्त भिडली. प्रति सरकारचं एक मोठं केंद्र कुंडल. आणि कुंडल इंग्रजांच्या मुलखात नव्हतं, ते औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. त्यामुळे इंग्रज पोलीस मागे लागले की भूमिगतांना औंधच्या हद्दीत जरा श्वास घेता यायचा.

आणि हे भवानराव दुसऱ्या कशासाठी प्रसिद्ध आहेत? सूर्यनमस्कार! ठरलेल्या क्रमाच्या, मोजून करायच्या हालचाली. ते त्यांनी आपल्या शाळांमध्ये आणले, त्यावर पुस्तकं लिहिली आणि ते परदेशापर्यंत पोचवले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचं नावच दहा टप्प्यांवरून ठेवलंय. आणि बघा, सूर्यनमस्कारही जिथून सुरू होतो तिथेच संपतो. हात जोडून उभे, हात जोडून उभे.

मी असं अजिबात म्हणत नाही की तायक्वांदो सूर्यनमस्कारावरून आलं. असल्या पोस्ट फॉरवर्ड करू नका, प्लीज. माझा मुद्दा वेगळा आहे. मोजलेली हालचाल ही आठवणीची पेटी असते. सूर्यनमस्काराच्या पेटीत आपण आरोग्य ठेवलं, मंत्र ठेवले. कोरियन लोकांनी त्यांच्या पेटीत इतिहास ठेवला. म्हणून ज्याला कोरिया नकाशावर दाखवता येणार नाही असा कराडचा पोरगासुद्धा साम-इलचे ३३ आकडे अंगाने ओळखतो. आणि वडूजचे नऊ? ते आपण कुठे ठेवलेत? चौकातल्या स्तंभावर. त्याच्या कठड्यावर बसून आपण रील बघतो.

पेटीत काय मावत नाही

पण पेटीवर सगळा भरवसाही ठेवू नका. कोणती आठवण ठेवायची हे पेटी बनवणारा ठरवतो.

पहिली गोष्ट, २४ तूलमध्ये एकाही स्त्रीचं नाव नाही. यू ग्वान-सुनची तूल नाही. आपल्याकडेही तेच. नाना पाटलांची मुलगी हौसाबाई पाटील. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर तिने आणि एका साथीदाराने नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक केलं. तो तिला खरोखर मारत होता, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका उचलल्या. म्हातारपणी हे सगळं ती खणखणीत आवाजात सांगायची. २०२१ मध्ये ती गेली. २०२२ मध्ये कॅप्टन भाऊ गेले. समोर बसून विचारता येईल अशी माणसं आता जवळजवळ संपली.

दुसरी गोष्ट, पेटीतली आठवण बदलताही येते. २४ मध्ये आधी 'को-दांग' नावाची तूल होती. चो मान-सिक या नेत्याचं हे टोपणनाव. त्यांना कोरियाचे गांधी म्हणत. अहिंसा आणि स्वदेशी मालाचा आग्रह हे त्यांचं काम. १९४६ मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना उत्तर कोरियात नजरकैदेत टाकलं. पुढे जनरल चोई यांचे उत्तर कोरियाशी संबंध वाढले आणि १९८० च्या दशकात को-दांग काढून तिथे 'जुचे' आली, उत्तर कोरियाच्या सरकारी विचारसरणीच्या नावाची. म्हणजे गांधीवादी माणूस बाहेर, सत्तेचं तत्त्वज्ञान आत. आजही काही गट को-दांगच शिकवतात. तुमचे सर कुठली शिकवतात, विचारा. उत्तरावरून बरंच कळेल.

तिसरी गोष्ट, पेटीत शौर्य नीट बसतं, गुंतागुंत बसत नाही. १ मार्चचं निवेदन ज्याने लिहिलं त्या चे नाम-सोनची त्यावर सही नव्हती आणि पुढे तो जपान्यांच्या बाजूला गेला. आपल्या पत्री सरकारच्या शिक्षाही तशाच. गावगुंडांना आणि खबऱ्यांना त्यांनी धाक बसवला, बायकांना रस्त्यावरून निर्धास्त चालता येऊ लागलं, हे खरं. पण वकील नाही, अपील नाही आणि थेट तळपायावर काठी, हेही खरं. स्वतःचं सरकार बनवलं की न्यायाची जबाबदारीही स्वतःवर येते. हुतात्म्यांना हार घालताना हा प्रश्न विचारला तर त्यांचा अपमान होत नाही. उलट आपण त्यांना दगडाच्या पुतळ्यातून बाहेर काढून माणूस म्हणून बघतो.

मग ३३ म्हणजे काय?

तर श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर. साम-इलमधल्या ३३ हालचाली म्हणजे ज्यांनी सह्या केल्या ते ३३ जण. पण बागेत जे निवेदन वाचलं गेलं ते त्या ३३ पैकी कुणी वाचलं नाही. बाजारात जी मुलगी उभी राहिली ती त्या ३३ मध्ये नव्हती. आकडा सह्यांचा आहे, चळवळ सह्या न केलेल्यांची. पुढच्या वेळी कुणी साम-इल करताना बघाल तेव्हा हालचाली मोजाच, पण दोन हालचालींच्या मधला श्वासही बघा. माझ्या मते बाकीचे लाखो लोक तिथे आहेत.

जनरल चोई यांचा जन्म नोव्हेंबर १९१८ चा. १ मार्चला ते चार महिन्यांचं तान्हं बाळ होते. त्यांना त्यातलं काहीच आठवणं शक्य नव्हतं. त्यांनी ते मोठ्यांकडून ऐकलं आणि मग हात-पायांत बसवलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. आठवण ठेवायला तिथे असावंच लागतं असं नाही. कुणीतरी सांगावं लागतं आणि कुणीतरी ऐकावं लागतं.

म्हणून आजचा गृहपाठ. तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल तर आपल्या तालुक्याच्या गावी जो हुतात्मा स्तंभ आहे तिथे जा. नावं मोजा. मोबाईल काढायचाच असेल तर त्या नावांचा फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्यातलं एक नाव विचारा, "आजी, हे कोण होते?" रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांना सांगून. पाच मिनिटांचं असलं तरी मला पाठवा, चांगली आली तर एक अख्खा भाग फक्त तुमच्या आजी-आजोबांच्या आवाजांचा करू.

आणि क्लासला जात असाल तर सरांना विचारून एक प्रयोग करून बघा. आपल्या गावच्या हुतात्म्यांच्या आकड्याएवढ्या हालचालींचा स्वतःचा एक छोटा क्रम बसवा. वडूजकरांना नऊ हालचाली बसवायच्यात, इस्लामपूरकरांना फक्त दोन. दोनमध्ये काय काय सांगता येईल? एक हालचाल शेतातली, एक कारखान्यातली? जमतंय का बघा. त्याला बेल्ट मिळणार नाही, पण तोंडी परीक्षेत "का?" विचारलं तर तुमच्याकडे पाठ केलेलं नाही, स्वतःचं उत्तर असेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या आणि घाटात हेडफोन काढून जरा बाहेरही बघा. मान्से!